डोळ्यांच्या वॉर्डातलं बाळंतपण

‘या रुग्णालयातील बाळंतपणाची गुंतागुंत चालू वर्षअखेर पूर्णपणे बंद करण्यात येत असून सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी,’ असं परिपत्रक अधीक्षकांनी काढलं, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. संबंधितांनी नोंद घेतली. गरोदर बायका संबंधितांमध्ये मोडत नसल्यामुळे त्यांना कळवण्याचा प्रश्न नव्हता.

परिपत्रकामागे अभ्यास होता. आपल्याकडे गुंतागुंतीच्या केसेस इतक्या कशा, अशी विचारणा वरच्या कार्यालयातून आली होती. अधीक्षक पद्धतशीर माणूस. त्यांनी वर्षभराच्या नोंदी मागवल्या, दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कारण शोधून काढलं. गुंतागुंत ज्या ज्या दिवशी सापडली होती, त्या त्या दिवशी ड्युटीवर एकच डॉक्टरीणबाई होत्या. त्या रजेवर गेल्या की गुंतागुंतही रजेवर जायची. कार्यकारणभाव इतका स्वच्छ होता, की अधीक्षकांना स्वतःचंच कौतुक वाटलं. डॉक्टरीणबाईंची बदली वरच्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागात झाली. आपण बाळंतपणाच्या डॉक्टर आहोत, डोळ्यांतलं आपल्याला काही कळत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. त्यावर ‘शिकावे’ असा शेरा मिळाला. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही, त्यामुळे आकडे अपेक्षेपेक्षा लवकर सुधारले.

उरलंसुरलं काम नव्या यंत्राने केलं. रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र निराशावादी होतं. कुणाचं काय दाखवील याचा नेम नसायचा. नवं यंत्र दिसायला देखणं, आवाज मधुर आणि स्वभावाने समतोल होतं. ते सगळ्यांचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी दाखवायचं. लघवीची तपासणी ‘गरजेनुसारच’ करायची असं ठरलं, आणि गरज आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नसल्यामुळे ती करावी लागली नाही. एवढं करूनही काही बायका काहीबाही तक्रारी घेऊन यायच्याच. त्यांच्यासाठी तपासणीच्या खोलीत एक भलंमोठं रंगीत चित्र लावण्यात आलं. मध्ये एक हसरी गरोदर बाई आणि तिच्या अवतीभवती ढगांसारखे हार्मोन. प्रत्येक ढगाला नाव होतं, डोळे होते आणि गालावर खळी होती. चित्राखाली लिहिलं होतं: ‘घाबरू नका, हे हार्मोन आहेत.’

अशा या रुग्णालयात काटाबाई आठव्या महिन्याच्या तपासणीला आल्या.

काटाबाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि त्या लांबून दिसल्या की ते एकमेकांना हळूच ऐकवायचे. तराजूचा काटा केसभर इकडेतिकडे असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. खांद्याला कायम एक पिशवी. तिच्यात पितळी वजनं, शिसं, तार आणि सरकारी शिक्का. लग्न झालं तेव्हा नवरा म्हणाला होता, की माझ्यात काय कमी आहे ते हिला आधीच कळलं असणार, त्यामुळे लपवालपवीचा त्रास वाचला. नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. वेलांटी चुकली तर त्याला रात्रभर झोप लागत नसे. बाकी जगात काही चुकत असेल, असं त्याला सहसा वाटत नसे.

त्या दिवशी सोबत सासूबाईही आल्या होत्या. त्यांना स्वतःलाच रक्तदाब होता. गेली कित्येक वर्षं त्या सकाळी एक आणि रात्री एक गोळी घ्यायच्या आणि दोन्ही वेळा जगाच्या नावाने बोटं मोडायच्या.

“पाय बघा ना सिस्टर, किती सुजलेत,” काटाबाई म्हणाल्या. “अंगठी निघत नाही बोटातून. आणि डोकं ठणकतंय सारखं.”

इन्चार्ज सिस्टरांनी हाताला पट्टा बांधला. यंत्राने गोड सूर काढला. एकशेवीस-ऐंशी.

“बघा! पुस्तकात लिहावं असं बीपी आहे तुमचं,” सिस्टर म्हणाल्या. मग छडीने चित्रातल्या एका गुलाबी ढगावर टकटक केलं. “सूज म्हणजे हा. प्रोजेस्टेरॉन.”

“आणि डोकं?”

“तेही त्याचंच. आणि थोडंसं या शेजारच्याचं.”

“म्हणजे नेमकं किती वाढलेत हे? मोजून मिळतील?”

सिस्टरांना आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. त्या समजुतीने हसल्या. “हार्मोन मोजायचे नसतात हो, समजून घ्यायचे असतात.”

“मोजल्याशिवाय समजलं कसं मग?” काटाबाईंनी विचारलं; पण तोवर सासूबाईंनी बाही वर सारून आपला हात पुढे केला होता.

“माझंही बघ गं एकदा. आलेच आहे तर.”

एकशेवीस-ऐंशी.

सासूबाई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “इतकं चांगलं तर माझं लग्नाआधीही नव्हतं,” त्या म्हणाल्या. घरी परतताना त्या रस्ताभर नव्या यंत्राचे गोडवे गात होत्या, आणि घरी पोचल्यावर त्यांनी गोळ्यांची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढचे काही दिवस काटाबाईंना प्रत्येकाने हार्मोन समजावून सांगितले. त्या कार्यालयात चिडल्या, तर साहेब म्हणाले, हार्मोन. एका दुकानदाराचा खोटा तराजू त्यांनी जप्त केला, तर तो दुकानदार बाजूच्याला म्हणाला, जाऊ दे, हार्मोन. सगळ्यांत जास्त माहिती नणंदेला होती. ती दुसऱ्या शहरात राहायची, तिलाही नुकतेच दिवस गेले होते, आणि ‘आनंदी गर्भ’ नावाच्या एका फोनवरच्या वर्गाला तिने नाव घातलं होतं.

“वहिनी, तू तक्रारीचा शब्दच तोंडातून काढू नकोस,” ती फोनवर म्हणाली. “आपण ‘दुखतंय’ म्हटलं की शरीराला वाटतं दुखतंय. आमच्या मॅडम सांगतात, ‘मला जाणवतंय’ म्हणायचं. मग चांगले हार्मोन सुटतात.”

“मला डोकं जाणवतंय,” काटाबाई म्हणाल्या.

“बघ! आवाजात लगेच फरक पडला तुझ्या.”

नवऱ्यालाही काळजी वाटत नव्हती. रुग्णालयाची ‘शून्य गुंतागुंत’ ही पुस्तिका त्याच्याच छापखान्यात छापली होती. “अगं, तीन वेळा वाचलीय मी ती,” तो म्हणाला. “एकही चूक नाही.”

मग एका सकाळी सासूबाई दारापाशी उभ्या असतानाच भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली बसल्या. चेहरा लालबुंद झाला होता, कान वाजत होते. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी रक्तदाब मोजला आणि विचारलं, “गोळ्या बंद कुणी केल्या?”

“कुणी म्हणजे? यंत्राने,” सासूबाई म्हणाल्या. “मी तर यंत्राचंच ऐकलं.”

सासूबाईंना पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर निघून गेल्यावर काटाबाई मात्र खुर्चीत बसून स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. सासूबाईंचा रक्तदाब ज्या यंत्राने चुकीचा दाखवला, त्याच यंत्राने त्यांचाही दाखवला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे काटे पाहिले होते, की ज्यांवर काहीही ठेवा, वजन बरोबरच भरायचं. अशा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी फार असायची.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन रुग्णालयात पोचल्या. बाहेर बाकांवर बायकांची रांग होती. काटाबाईंनी सिस्टरांच्या हातातून पट्टा घेतला आणि आधी नवऱ्याच्या दंडाला बांधला. एकशेवीस-ऐंशी. मग तो पट्टा त्यांनी टेबलाच्या पायाला गुंडाळला. यंत्राने सूर काढला. एकशेवीस-ऐंशी.

“आता?” काटाबाईंनी विचारलं.

सिस्टरांनी टेबलाकडे नीट पाहिलं. “सागवानी आहे,” त्या म्हणाल्या. “जुनं काम. याला कशाला काय होतंय?”

काटाबाईंनी यंत्र उलटं केलं. मागच्या बाजूला एक बारीकसं बटण होतं. दुकानात मांडून ठेवताना यंत्राने न मोजताच चांगला आकडा दाखवावा म्हणून ते जिथे ठेवतात, तिथेच ते आजही होतं. विकत आणल्यापासून ते कुणी हलवलंच नव्हतं. काटाबाईंनी पिशवीतून तार काढली, यंत्राभोवती गुंडाळली, शिसं ठोकलं आणि त्यावर सरकारी शिक्का उमटवला. यंत्र जप्त झालं.

अधीक्षक धावत आले. त्यांनी शिक्का पाहिला, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“मॅडम, तुमचं खातं बाजारासाठी आहे. आम्ही इथे रक्तदाब विकतो का?”

“यंत्र खोटं आहे, साहेब.”

“खोटं?” अधीक्षकांचा आवाज दुखावलेला होता. “हे बसवल्यापासून आमच्याकडे एकाही बाईचा रक्तदाब वाढलेला नाही. खोटं यंत्र एवढं चांगलं काम करेल?”

“टेबलाचाही एकशेवीस-ऐंशी दाखवतंय हे.”

“टेबल आमचं पेशंट नाही,” अधीक्षक म्हणाले. “टेबलावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. तुम्ही स्वतः यंत्राबद्दल तक्रार करणार, स्वतःच तपासणार आणि स्वतःच पेशंट असणार. यात हितसंबंध आड येतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं?” मग ते दाराकडे वळून रांगेतल्या बायकांना म्हणाले, “भगिनींनो, या मॅडमच्या कृपेने आज कुणाचाही रक्तदाब मोजला जाणार नाही.”

रांगेत एकच गलका झाला. “अहो, माझं चांगलं येणार होतं आज!” एक बाई ओरडली. “तुमचं बिघडलं म्हणून आमचंही बिघडवणार का?” दुसरीने विचारलं. तिसरी नुसतीच काटाबाईंकडे बघून म्हणाली, “हार्मोन,” आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिचे स्वतःचे पाय चपलेत मावत नव्हते; टाच बाहेर ठेवून ती बसली होती.

काटाबाईंना उत्तर द्यायचं होतं. पण समोरची रांग एकदम दुहेरी दिसायला लागली. त्यांनी टेबल घट्ट धरलं.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत.”

अधीक्षकांचा चेहरा उजळला. “डोळे?” ते म्हणाले. “मग हा आमच्या विभागाचा प्रश्नच नाही. वर जा. जिन्याने डावीकडे.”

डोळ्यांच्या विभागात मोतीबिंदूची म्हातारी माणसं शांतपणे बसली होती. टेबलामागे बदली झालेल्या त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काटाबाईंना दारातून येताना पाहिलं. सुजलेला चेहरा, दाराच्या चौकटीवर घट्ट आवळलेला हात. त्या खुर्चीवरून उठल्याच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्तदाब बघावा लागतो, म्हणून या विभागात एक पाऱ्याचं यंत्र उरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा लावलं. मग लहान दिव्याने डोळ्यांत पाहिलं, पोटावर उजवीकडे बरगडीखाली दाबलं. काटाबाई कळवळल्या. लघवीची बाटली लगेच मागवली, आणि मोतीबिंदूच्या सगळ्या आजोबांनी शिष्टाचार म्हणून भिंतीकडे तोंडं केली.

“किती?” काटाबाईंनी विचारलं.

“एकशेसत्तर-एकशेदहा. लघवीतून प्रथिन जातंय.”

काटाबाईंना वाटलं होतं, आकडा ऐकून आपण घाबरू. पण आधी वाटलं ते वेगळंच. कितीतरी दिवसांनी कुणीतरी खरं वजन सांगितलं होतं. भीती मागून आली. पोटात बाळाने लाथ मारली, आणि काटाबाईंनी तिथे दोन्ही हात ठेवले.

“हे हार्मोन नाहीत ना?”

“हार्मोन बिचारे आपलं काम करताहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांच्या नावावर लोक वाट्टेल ते खपवतात. हा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आहे. वार, म्हणजे ज्यातून बाळाला रक्त मिळतं ती, नीट रुजलेली नसली की असं होतं. वेळेत पकडलं तर आटोक्यात येतं. नाही पकडलं तर झटके येतात. आई आणि बाळ, दोघांच्या जिवावर बेततं. आज रात्रीच्या आत बाळंतपण करावं लागेल.”

नवऱ्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. “पण पुस्तिकेत तर…” तो म्हणाला.

“मग भरती करा की लगेच!” सासूबाई म्हणाल्या.

“बाळंतपणाच्या वॉर्डात ही केस घेत नाहीत. हा आजार त्यांच्याकडे बंद झालाय. आणि त्याचं नाव लिहायची मला परवानगी नाही.” डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “मी डोळ्यांची डॉक्टर आहे. मी एवढंच लिहिते: ‘डोळ्यांपुढे काजवे. तातडीने भरती.’”

अशा रीतीने काटाबाई डोळ्यांच्या वॉर्डात, मोतीबिंदूच्या दोन आजींच्या मधल्या खाटेवर दाखल झाल्या. दोन्ही आजींच्या एकेका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या दोन डोळ्यांनी त्या काटाबाईंच्या पोटाकडे बघत राहिल्या.

“तुझा कुठला डोळा गं?” एकीने विचारलं.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन हवं होतं. नवरा चिठ्ठी घेऊन रुग्णालयाच्या औषधभांडारात गेला. भांडारपालाने चिठ्ठी वाचली आणि परत केली.

“हे गुंतागुंतीवरचं औषध आहे. परत पाठवलं सगळं.”

“परत? का?”

“गुंतागुंतच नाही, तर औषध कशाला? उद्या तपासणीत विचारलं, की आजार नसताना औषध का ठेवलं, तर काय सांगू?”

आयुष्यात नवऱ्याने कुठल्याही काउंटरवर आवाज चढवला नव्हता. आताही त्याला ते जमलं नाही. तो ओरडायला गेला आणि त्याला रडू फुटलं. मग रडतच तो जिना उतरला, रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानात शिरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ढकलून पुढे गेला. मागून लोक शिव्या देत होते; त्यांत व्याकरणाच्या बऱ्याच चुका होत्या, पण त्याच्या कानांवर एकही शब्द पडला नाही. तो पिशवी छातीशी धरून धावत परत आला.

इंजेक्शन लागलं, रक्तदाबाचं औषध सुरू झालं. आता प्रश्न राहिला ऑपरेशन थिएटरचा. डोळ्यांच्या थिएटरात डोळ्यापेक्षा मोठं काही मावत नसे. बाळंतपणाचं थिएटर खाली होतं, सज्ज होतं आणि कुलूपबंद होतं. किल्ली अधीक्षकांच्या खिशात. डॉक्टरीणबाई खाली गेल्या. सासूबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या, न बोलावता.

“सिझेरियन? तातडीचं?” अधीक्षकांनी कानांवर हात ठेवले. “अहो, पुढच्या आठवड्यात पुरस्काराची समिती येतेय. शून्याला एक लागला तर शून्य राहील का ते?”

“साहेब, बाई झटक्यांच्या उंबरठ्यावर आहे.”

“मला कळतं हो. मीही माणूसच आहे. पण नियमात बसवून सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले. “डोळ्यांच्या पेशंटला पोटाचं ऑपरेशन लागतंय,” त्या म्हणाल्या.

अधीक्षक सावरून बसले. “नोंद डोळ्यांच्या विभागातच होईल?”

“होईल.”

“बाळंतपणाचा शब्द कुठे येणार नाही?”

“साहेब,” सासूबाई मध्येच बोलल्या, “किल्ली देताय, की मी इथेच चक्कर येऊन पडू? माझंही बीपी आहे. खरं यंत्र लावून बघा हवं तर.”

किल्ली मिळाली.

संध्याकाळी मुलगी झाली. लहानशी, लालभडक, आणि आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. भुलीतून काटाबाईंना जाग आली, तेव्हा नवरा उशाशी बसला होता. त्याने वाकून सांगितलं, “मुलगी आहे. बरी आहे. दोन किलो शंभर ग्रॅम.”

काटाबाईंचे ओठ हलले. नवऱ्याने कान जवळ नेला.

“काट्यावर शिक्का होता का?”

तेव्हा कुठे नवऱ्याच्या जिवात जीव आला.

कागदोपत्री सगळं चोख झालं. ‘डोळ्यांपुढील काजवे शस्त्रक्रियेने पूर्णपणे दूर. रुग्णाची दृष्टी उत्तम.’ अडचण फक्त मुलीची होती. डोळ्यांच्या वॉर्डात जन्म होत नाहीत. तिथे पेशंट असतो आणि पेशंटसोबतचा एक नातेवाईक असतो. बराच खल झाल्यावर मुलीची नोंद ‘सोबतचा नातेवाईक’ अशी करण्यात आली आणि तिला पास देण्यात आला. त्याबरोबर पहारेकऱ्याने सासूबाईंना बाहेर काढलं. एका पेशंटसोबत एकच नातेवाईक राहू शकत होता, आणि ती जागा भरली होती.

पुरस्काराची समिती आली, खाली फिरली, चित्रातले ढग पाहून प्रसन्न झाली आणि पुरस्कार देऊन गेली. अधीक्षकांना बढती मिळाली आणि शेजारच्या शहरातल्या याच्या तिप्पट मोठ्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली.

इकडे काटाबाई जन्मदाखल्यासाठी खेटे घालत होत्या. जन्मनोंदणीच्या खिडकीवरचा कारकून सज्जन होता. “मुलगी दिसतेय मला,” तो म्हणाला. “माझा डोळ्यांवर विश्वास आहे हो. पण डोळ्यांच्या वॉर्डातला जन्म मी लिहू कुठे?” शिवाय काटाबाईंच्या कार्यालयाने त्यांना बाळंतपणाच्या रजेऐवजी डोळ्यांची आठवडाभराची रजा मंजूर केली होती आणि कामावर येताना काळा चष्मा लावण्याची सवलत दिली होती.

गावातली चार चांगली माणसं घरी आली. मुलीसाठी टोपडं-मोजे घेऊन आली, तिच्या गालाला बोट लावलं, आणि मग मुद्द्यावर आली. तुम्ही नोंद सुधारून मागताय असं कळलं. रुग्णालयाला पुरस्कार आहे, गावाचं नाव झालंय. साधं बाळंतपण झालं असं लिहून घ्या ना. मुलीला दाखला मिळेल, तुम्हाला रजा मिळेल, गावाचं शून्यही राहील. कुणाचं काय जातंय?

“साधं असतं तर टाके कुणाच्या पोटावर आहेत?” काटाबाईंनी विचारलं.

“ते कुणाला दिसतायत?” त्यांतला सगळ्यांत वयस्कर गृहस्थ प्रेमाने म्हणाला.

सासूबाईंनी त्यांचे चहाचे कप अर्धे असतानाच उचलले.

हा पेच न्यायाने नव्हे, बदलीने सुटला. नवे अधीक्षक आले. जुन्या अधीक्षकांचा पुरस्कार भिंतीवर पाहून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण काहीही केलं तरी शून्यापेक्षा कमी करता येणार नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. तेव्हा आधीचं शून्य खोटं ठरणं संस्थेच्या हिताचं होतं. त्यांनी काटाबाईंना स्वतः बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि मायेने विचारलं, “तुमची गुंतागुंत किती गंभीर होती, मॅडम? निःसंकोच सांगा. आणखी कुणाची असेल तर त्यांनाही घेऊन या.” सत्याचा शोध इतक्या उत्साहाने घेणारा अधिकारी त्या गावाने प्रथमच पाहिला.

मुलगी जन्मली. कागदावरही जन्मली. डॉक्टरीणबाई वाजतगाजत खाली आल्या, पाऱ्याचं यंत्र त्यांनी सोबत आणलं, लघवीच्या बाटल्या पुन्हा दिसू लागल्या. रांगेतल्या त्या टाच बाहेर ठेवून बसलेल्या बाईचा रक्तदाब पहिल्याच दिवशी वाढलेला सापडला. ती डॉक्टरीणबाईंशी कडाकडा भांडली, भरती झाली आणि मुलगा घेऊन घरी गेली. त्यानंतर दर आठवड्याला चार-पाच जणी सापडतच गेल्या. डॉक्टरीणबाईंचा हट्ट, की आकडा लपवायचा नाही. म्हणून रुग्णालयाच्या फाटकावर फलक लागला: ‘यंदा निदान झालेल्या गुंतागुंतीच्या केसेस: त्रेचाळीस. घरी सुखरूप गेलेल्या माता: त्रेचाळीस.’

फलक लागल्यापासून रांग कमी व्हायला लागली. नणंदेने शेजारच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नाव घातलं. तिकडे बढतीवर गेलेल्या जुन्या अधीक्षकांनी गुंतागुंत तीन महिन्यांत बंद केली होती. काटाबाईंनी तिला फोनवर परोपरीने समजावलं. “वहिनी,” ती म्हणाली, “तुझा अनुभव नकारात्मक आहे ना, म्हणून तुला तसं वाटतं.”

काटाबाई मुलीला लस टोचून एका दुपारी फाटकातून बाहेर पडत होत्या. फलकासमोर एक गृहस्थ गरोदर बायकोला घेऊन उभे होते. बायकोचा चेहरा सुजला होता. गृहस्थांनी अदबीने विचारलं, “ताई, कसं आहे हो हे हॉस्पिटल?”

काटाबाईंनी सगळं सांगितलं. यंत्राचं सांगितलं, डोळ्यांच्या वॉर्डाचं सांगितलं, मुलगी दाखवली. म्हणाल्या, “इथे त्रेचाळीस सापडल्या, म्हणून त्रेचाळीस वाचल्या. जिथे एकही सापडत नाही, तिथे जाऊ नका.”

गृहस्थांनी सगळं अगदी मन लावून ऐकलं. योग्य तिथे हसले. योग्य तिथे त्यांचे डोळे पाणावले. “काय व्यवस्था आहे आपली!” असंही म्हणाले. मग फलकाकडे पुन्हा एकदा पाहून त्यांनी बायकोला हळूच गाडीत बसवलं, आणि गाडी शेजारच्या शहराच्या रस्त्याला लागली.

माणूस चांगला शिकलासवरलेला दिसत होता. वाचायची आवड असावी. काखेत कथांचं पुस्तक होतं. काटाबाईंना त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. चेहरा मात्र त्यांच्या चांगला लक्षात आहे, आणि त्या म्हणतात, की तो थेट हे वाचणाऱ्यासारखाच होता.